पूर, पंचनामा आणि विमा

गोव्यात पूर ओसरला की त्याच्या पाठोपाठ दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे येतात. पहिली, मंत्र्यांची पाहणी. दुसरी, तलाठ्याचा पंचनामा. पंचनाम्याच्या कागदावर सही झाली की घरमालकाची समजूत होते की आता सरकार घर बांधून देणार. ही समजूत किती भाबडी होती ते मदतीची रक्कम हाती पडल्यावर कळते. सरकारी मदत संकटात सापडलेल्यास तात्पुरते सावरण्यासाठी असते. गेलेले घर पुन्हा उभे करण्यासाठी ती नसते. हा भेद न उमगल्यामुळे सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, पेडणे या तालुक्यांतील नदीकाठच्या घरमालकांचे मोठे अहित होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

23 जुलै 2021 च्या पुराचे उदाहरण घ्यावे. घाटात कोसळलेल्या पावसाने म्हादई आणि खांडेपार नद्यांचे पाणी काठच्या वाड्यांत शिरले. सुमारे एक हजार घरांची हानी झाल्याचे आणि 1982 नंतरचा हा सर्वांत भीषण पूर असल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा सांगितले. त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑगस्ट 2019 मध्ये, तिळारी धरणातून सोडलेल्या पाण्याने डिचोली तालुक्यातील साळ गाव वेढला गेला होता. नद्या निराळ्या, कारणेही निराळी. परिणाम मात्र एकच. आमच्या नद्यांची लांबी तोकडी आणि उगमाकडचा उतार तीव्र. घाटातले पाणी काही तासांत सखल भागात उतरते आणि त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर त्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही.

'1982 नंतर 2021' हे ऐकून अनेकांनी मनाशी हिशेब केला की आता पुढची चाळीस वर्षे निर्धास्त. या हिशेबाला काडीचाही आधार नाही. पूर पाळी लावून येत नसतो. ज्याला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात, त्याचा खरा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते. गेल्या वर्षी तो आला म्हणून यंदा ती कमी होत नाही. अशा पाणलोटातील घरात तीस वर्षे काढली, तर त्या काळात निदान एकदा असा पूर येण्याचा संभव शंभरात सुमारे 26 भरतो. म्हणजे चारांत एक. आगीच्या भयाने जो माणूस रात्री चूल विझल्याची दोनदा खात्री करून घेतो, त्याने हा आकडा हसण्यावारी नेऊ नये.

आता मदतीचा हिशेब पाहू. केंद्राने 2022-23 ते 2025-26 या काळासाठी ठरविलेल्या निकषांप्रमाणे सखल प्रदेशात पूर्णपणे पडलेल्या घरास 1,20,000 रुपये मिळतात. निदान 15 टक्के मोडतोड झालेल्या पक्क्या घरास 6,500 आणि कच्च्या घरास 4,000 रुपये. राज्य सरकारे यात आपल्या तिजोरीतून भर घालू शकतात, पण तो हक्क नव्हे. साडेसहा हजारांत चिरे, कौले आणि गवंड्याची मजुरी यांपैकी काय काय भागते, हे अलीकडे ज्याने एखादी भिंत बांधून घेतली असेल त्यालाच विचारावे.

याला पर्याय उपलब्ध आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी विकण्यास आणली. आगीबरोबर वादळ, पूर आणि दरड कोसळणे यांपासून होणारी हानीही तीत येते. विम्याची रक्कम ठरते ती बांधकामाच्या आजच्या खर्चावरून. जमिनीची किंमत तीत धरत नाहीत. घरातील सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. दागदागिन्यांसाठी मात्र वेगळी तरतूद करावी लागते. आपल्याकडे पूर आणि आग एकाच पॉलिसीत असल्यामुळे टेकडीवरचा घरमालक आणि नदीकाठचा घरमालक एकाच खात्यात हप्ता भरतात व धोका वाटला जातो. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यातून पूर वगळलेला असतो. त्यासाठी 1968 मध्ये सरकारला स्वतंत्र योजना काढावी लागली. तीत प्रामुख्याने पाण्याखाली जाणारेच शिरले आणि 2017 मध्ये तिचे 16 अब्ज डॉलरचे कर्ज माफ करण्याची पाळी अमेरिकी काँग्रेसवर आली. आपली रचना त्या मानाने शहाणपणाची आहे. पण टेकडीवरचाही विमा घेत नाही आणि काठावरचाही घेत नाही, तिथे रचनेचा उपयोग काय?

विमा का घेतला जात नाही, याचे उत्तर केवळ अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. ज्याने बँकेचे कर्ज काढून घर बांधले त्याला बँकच विम्याचा आग्रह धरते. वाडवडिलांच्या घरावर कर्ज नसते, म्हणून तिथे विम्याचे नाव काढणारा कोणी नसतो. आणि कोणी काढलेच, तर कागदांचा प्रश्न उभा राहतो. घरपट्टी आजोबांच्या नावे, एक-चौदाच्या उताऱ्यावर भाटकाराचे नाव, वाटण्या झालेल्या नाहीत. मुंडकारांना 1975 च्या कायद्याने संरक्षण मिळाले, तरी ज्यांचे दावे मामलेदाराच्या कचेरीत पडून आहेत त्यांनी घर आपले असल्याचे कंपनीला पटवावे कसे? सर्वांत सखल जागी, मातीच्या भिंतींत राहणारा हाच वर्ग आहे. ज्याला गरज अधिक, त्याच्यापासून विमा अधिक दूर, असा हा उफराटा न्याय आहे.

तेव्हा सरकारने तीन गोष्टी कराव्यात. जलसंपदा खात्याने पुराची रेषा गाववार आखून तो नकाशा प्रत्येक पंचायतीच्या भिंतीवर लावावा; कोणाचे जोते किती पाण्यात जाईल हे घर बांधण्याआधी कळले पाहिजे. पंचायतीचा राहत्या घराचा दाखला आणि घरपट्टीची पावती विम्यासाठी ग्राह्य धरण्याबाबत कंपन्यांशी बोलणी करावीत. आणि मुंडकार व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या हप्त्यातील काही वाटा उचलावा. नागालँड सरकारने 2024 मध्ये संपूर्ण राज्यासाठी असा विमा घेतला, की ज्यात पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पंचनाम्याची वाट न पाहता राज्याला रक्कम मिळते. ईशान्येच्या डोंगराळ राज्याला जे सुचले ते गोव्याला अवघड का जावे?

घरमालकांनाही आमचे सांगणे आहे. पॉलिसी घेण्याआधी मातीच्या भिंतीविषयी कंपनीचे म्हणणे लेखी मागून घ्या. घराची आणि सामानाची छायाचित्रे काढून ती गावाबाहेरच्या नातलगाकडे ठेवा. पूर आल्यास कंपनीला ताबडतोब कळवा आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत मोडलेले सामान फेकू नका. पुढचा पूर कोणत्या वर्षी येईल हे सांगण्याचे सामर्थ्य कोणातच नाही. तो आल्यावर पंचनाम्याकडे डोळे लावून बसायचे की नाही, एवढे मात्र आजच ठरविता येईल.