आठचं की पंधराचं?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, होडीला पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन घेतो. मोबाईलवर रेसच्या बोटी बघितल्या, नुसत्या उडत्यात पाण्यावरनं!" भाचा भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात लोकांना पक्षी दाखवायला होडी चालवतो.

म्हटलं, थांब रे बाबा जरा.

त्या बोटी नुसत्या इंजिनाच्या जोरावर उडत नाहीत. तळ सपाट, अंग हलकं. वेग आला की त्या पाण्यावर चढतात आणि घसरत जातात. आपली होडी पाणी कापत जाणारी. अठरा फुटी होडी ताशी दहा-अकरा किलोमीटरला पोचली, की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पुढे कितीही जोर लावा, नाक वर, बूड खाली आणि पेट्रोल स्वाहा! शिवाय पंधराचं फोर-स्ट्रोक इंजिन पन्नास किलोच्या आसपास भरतं. एक माणूस कायम मागच्या फळीला टांगल्यासारखाच की.

आणि आपल्याला घाई कसली? रोहित पक्षी उथळ पाण्यात चरतात. तिथे इंजिन लांबच बंद करून बांबूने होडी रेटायची. थवा उडाला तर पाहुणे बघणार काय? टू-स्ट्रोक वजनाला हलकं, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, धूर आणि आवाजही जास्त. म्हणून माझं मत फोर-स्ट्रोकला.

"मग वल्हीच बरी की!" भाचा फुरंगटून म्हणाला.

तसंही नाही. उजनीचा वारा आपल्याला ठाऊक आहे. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळात उलटली, सहा जण गेले. अशा वाऱ्यापुढे पंधराचं इंजिनही काय करणार? पण आभाळ भरताना दिसलं की वेळेत काठाला येण्याइतका जोर हवा. त्याला आठचं पुरे. उरलेल्या पैशात माणशी एक लाईफ जॅकेट घ्यायचं, आणि ते फळीखाली न ठेवता अंगात घालायला लावायचं.

भाचा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "जॅकेट घातलं की फोटो चांगला येत नाही म्हणत्यात लोक."

अशांना होडीत घेऊच नकोस, असं सांगून फोन ठेवला. इंजिन अजून ठरलेलं नाही. ताई, तूही जरा सांग त्याला!