जुनीं वाद्यें व नवीं यंत्रें

गेल्या नाताळाच्या सुमारास आमचा एक माजी विद्यार्थी मजकडे आला. तो गोखिवऱ्यास राहतो. घराच्या माडीवरील एका लहानशा खोलींत त्यानें ध्वनिमुद्रणाची सोय केली आहे. आसपासच्या कारखान्यांचीं यंत्रें रात्रीं थांबलीं म्हणजे त्याचें काम सुरू होतें. २०१३ सालीं त्यानें एका वृद्ध गायनमास्तरांकडून उपासनेचीं सहा गीतें बसवून घेऊन संगणकावर ध्वनिमुद्रित केलीं होतीं. मास्तर आतां हयात नाहींत. त्या गीतांचें मिश्रण पुन्हां एकदां नीट करावें म्हणून त्यानें तीं नव्या संगणकावर उघडलीं. मुलांचे आवाज आले, ढोलकी आली. परंतु मास्तरांनीं स्वतः वाजविलेला ऑर्गन मात्र मुका. पडद्यावर त्याच्या सुरांच्या खुणा ओळीनें मांडलेल्या दिसत होत्या. "सर, नोटेशन आहे, पेटीच नाहीं," असें तो म्हणाला.

हा प्रसंग त्या एकट्यावरच आलेला नाहीं. वसईच्या गांवोगांवीं अलीकडे घरच्या घरीं गाणीं मुद्रित होतात. चर्चच्या सणाचीं, लग्नांतलीं, कादोडी बोलींतलीं. त्यांचें पुढें काय होणार हा प्रश्न पालकांनीं व मुलांनीं विचारांत घेण्यासारखा आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्लग-इन म्हणजे काय, हें पुष्कळ पालकांस ठाऊक नसेल. ध्वनिमुद्रणाचें मुख्य सॉफ्टवेअर हें यजमान समजावें, आणि प्लग-इन म्हणजे त्यानें बोलावलेले वादक. कोणी ऑर्गन वाजवितो, कोणी सारंगी, तर कोणी आवाजास देवळाच्या घुमटाचा नाद देतो. गाण्याच्या फाइलींत हा वादक स्वतः राहत नाहीं. त्याचें नांव, त्यास दिलेल्या सूचना व वाजवावयाचे स्वर एवढेंच तींत नोंदलेलें असतें. वादकच आला नाहीं तर सूचना ऐकणार कोण? माइकपुढें गाइलेला आवाज मात्र खराखुरा ध्वनि म्हणून जपलेला असतो. म्हणूनच वरील गीतांत मुलें गात राहिलीं व ऑर्गन गप्प झाला.

यजमानानें व वादकानें एकमेकांशीं कोणत्या भाषेंत बोलावें, ह्याचा एक संकेत जर्मनींतील स्टाइनबर्ग कंपनीनें १९९६ सालीं घालून दिला. त्यास व्हीएसटी म्हणतात. त्याची दुसरी आवृत्ति १९९९ सालीं निघाली व ती जगभर रुजली. तिसरी २००८ सालीं आली. दोन्ही बराच काळ शेजारीं शेजारीं नांदल्या. परंतु २०१८ सालीं कंपनीनें दुसऱ्या आवृत्तीचे नवे परवाने देणें बंद केलें, आणि २०२२ च्या जानेवारींत, आपल्या सॉफ्टवेअरमधूनहि तिचा आधार दोन वर्षांत काढून घेऊं असें जाहीर केलें. ह्याच्या जोडीला संगणकहि बदलले. ३२ बिटांच्या संगणकास स्मरणांतील ४,२९,४९,६७,२९६ स्थानांपलीकडे मोजतां येत नाहीं. म्हणजे ४ गिगाबाइटांवर त्याची धांव संपते. ६४ बिटांचे संगणक आले, तेव्हां ३२ बिटांचा वादक ६४ बिटांच्या यजमानाच्या घरीं थेट शिरूं शकेना. मध्यें दुभाष्या ठेवावा लागे. तो दुभाष्याहि पुढें कित्येकांनीं काढून टाकला. ॲपल कंपनीनें तर २०१९ च्या कॅटालिना प्रणालीपासून ३२ बिटांचीं सर्वच सॉफ्टवेअरें बंद केलीं, व २०२० पासून संगणकाचा मेंदूच निराळा बसविण्यास आरंभ केला.

नवें तें सारें वाईट, असें म्हणणारांपैकीं मी नाहीं. तंबोऱ्याच्या एकेका तारेचे शेंकडों नमुने स्मरणांत ठेवणारे आजचे वादक ४ गिगाबाइटांत मावतेच ना. व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तींत तर, सूर चालूं नसतां वादकास स्वस्थ बसवितां येतें, व संगणकाचे श्रम वांचतात. ही सुधारणाच होय. माझा आक्षेप सुधारणेवर नसून, जुन्यास दाराबाहेर ठेवण्याच्या रीतीवर आहे.

कारण ह्याहून सभ्य रीत याच क्षेत्रांत पूर्वीं पाळली गेली आहे. १९५७-५८ च्या सुमारास दोन कर्ण्यांच्या, म्हणजे स्टिरिओ तबकड्या निघाल्या. एका खांचेंत दोन ध्वनि बसवावयाचे होते. ते अशा युक्तीनें बसविले कीं, दोहोंची बेरीज सुईच्या आडव्या हालचालींत व वजाबाकी उभ्या हालचालींत यावी. त्यामुळें जुनी एककर्णी तबकडी, जिची सुई आडवीच हाले, ती नव्या यंत्रावरहि शुद्ध वाजली. आमच्या आजोबांच्या पेट्यांतील तबकड्या त्या दिवशीं निरुपयोगी झाल्या नाहींत. तसेंच मिडीचें. निरनिराळ्या कंपन्यांचीं विद्युत्-वाद्यें एकमेकांशीं जोडण्याचा हा संकेत १९८३ सालचा. त्यांत दाबाच्या १२८ च पायऱ्या. २०२० सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली, पायऱ्या ६५,५३६ झाल्या. तरीहि नवें वाद्य समोरच्यास आधीं विचारतें, आणि समोरचें जुनें निघालें तर त्याच्याच जुन्या भाषेंत बोलतें. घरांत आलेल्या वडीलधाऱ्याशीं सुशिक्षित नातवानें बोलावें, तसेंच हें.

कंपन्या व्यापार करतात, त्यांनीं जन्मभर जुनें सांभाळावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु सांभाळणें नको असेल, तर त्यांनीं मूळ लिखाण लोकांस खुलें करावें. सर्ज नांवाच्या एका संश्लेषकाच्या कर्त्यानें २०१८ सालीं नेमकें हेंच केलें. पूर्वीं विकला जाणारा तो प्लग-इन आज हौशी लोक मिळून चालवितात, आणि तो ६४ बिटांवर, ॲपलच्या नव्या मेंदूवर, व २०२२ सालीं निघालेल्या क्लॅप ह्या खुल्या संकेतावरहि चालतो. दान केल्यामुळें त्यास नवें आयुष्य लाभलें आहे.

येथें मुलांस एक कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. तुमच्यापैकीं कित्येकांच्या संगणकांवर चोरून उतरविलेले प्लग-इन आहेत, हें मी जाणून आहें. "सर, तीस हजारांचा ऑर्गन आम्ही कोठून घ्यावा?" हें उत्तरहि मीं ऐकलें आहे. चोरी ती चोरीच; पण तो उपदेश बाजूस ठेवला तरी, चोरलेल्या वादकास नवी आवृत्ति मिळत नाहीं, व यंत्र बदललें कीं तो पहिल्यानें दगा देतो. फुकट व राजरोस मिळणारे प्लग-इन पुष्कळ आहेत. ते घ्या.

आणि गाणें पुरें झालें त्याच दिवशीं प्रत्येक वाद्य निराळें काढून साध्या वेव्ह फाइलींत, गाण्याच्या पहिल्या क्षणापासून, उतरवून ठेवा. ती फाइल कोणत्याहि प्लग-इनवांचून वाजते. हिशेब अवघड नाहीं. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकीं ३ बाइट. म्हणजे पांच मिनिटांच्या एका वाद्यास सुमारें ४३ मेगाबाइट, आणि वीस वाद्यांस ८६४. हल्लींच्या बोटाएवढ्या पेन-ड्राइव्हवर अशीं कितीतरी गीतें राहतील. कोणी म्हणेल, असें गोठविलेलें वाद्य मागाहून बदलतां येत नाहीं. खरें आहे, म्हणून स्वरांची मिडी फाइलहि सोबत असावी. शिवाय वहींत प्लग-इनचें नांव, आवृत्ति, लय व पट्टी लिहावी. वही शाईची असावी, हें माझें जुनें वेड समजा.

त्या विद्यार्थ्यानें अखेर माळ्यावरचा जुना संगणक खालीं काढला. दोन दिवस खटपट केल्यावर तो सुरू झाला, आणि चार गीतांतील मास्तरांचा ऑर्गन जसाच्या तसा वेव्ह फाइलींत उतरला. उरलेल्या दोन गीतांत निराळा ऑर्गन होता. त्या संगणकाची चकती मध्यंतरीं बदललेली असल्यामुळें तो उघडतांना आपल्या कंपनीकडे पुन्हां परवानगी मागतो, आणि ती कंपनी आतां धंद्यांत नाहीं. त्या दोन गीतांसाठीं मास्तरांचे स्वर दुसऱ्या एका ऑर्गनवर वाजवून पाहण्याचें काम सध्यां चालूं आहे. मीं ते ऐकले. स्वर तेच आहेत, लयहि तीच, परंतु तेव्हां त्या गायकवृंदांत गाइलेलीं व आतां मोठीं झालेलीं मुलें म्हणतात, "हे मास्तर नव्हेत."