तुमसरचा दगड आणि समुद्रतळाचे जीव

तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी भंडारा जिल्ह्याला नव्या नाहीत. पण तिथला काळा मँगनीज म्हणजे अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? जमिनीवर झाडाचे पानही नव्हते तेव्हाचा हा गाळ पुढे दाबाने व उष्णतेने दगड झाला. त्यातल्या एका खडकाला फर्मोर या इंग्रज भूवैज्ञानिकाने गोंड समाजावरून 'गोंडाइट' असे नाव दिले. तेव्हा समुद्राशी आपला काय संबंध, असे भंडारेकरांनी तरी विचारू नये.

१९७७ साली गॅलापॅगोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोल समुद्रात उष्ण झरे सापडले. तिथे सूर्याचा किरण पोहोचत नाही. तरीही जीवांची दाट वस्ती होती! तोंड नाही, आतडे नाही असे लांबलचक किडे तिथे राहतात. त्यांच्या शरीरातील जीवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या रासायनिक ऊर्जेवर अन्न तयार करतात. जीवन म्हटले की सूर्यप्रकाश हवाच, ही समजूत तिथे मोडली. शनीच्या एन्सेलाडस या चंद्राच्या बर्फाखालून उडणाऱ्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला हायड्रोजन आढळल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. म्हणजे अशा झऱ्यांची शक्यता तिथेही आहे. गुरूच्या युरोपा चंद्राकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेचे यान निघाले आहे.

पण वकिलाच्या नजरेने पाहिले तर ही परिस्थिती आहे, पुरावा नव्हे. त्या किड्यांना लागणारा प्राणवायूसुद्धा वरच्या, सूर्यप्रकाशातल्या समुद्रातून येतो. प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव मात्र त्या झऱ्यांत आहेत, आणि परग्रहाच्या बाबतीत खरी साक्ष त्यांचीच आहे.

ती साक्ष आता आपल्या दारातही आली आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने व गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील जिवंत झऱ्याची छायाचित्रे मिळवली. अभिनंदन केलेच पाहिजे. मात्र याच झऱ्यांभोवती तांबे, जस्त, सोने यांचे सल्फाइड साचते, आणि त्याच्या शोधासाठी भारत सरकारने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २०१६ मध्ये १०,००० चौरस किलोमीटरचा करार केलेला आहे. दुसरा करार सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. खाणकाम विझलेल्या झऱ्यांवरच होईल, असे सांगितले जाते. पण गढूळ पाण्याला हद्द कोण आखून देणार? खाणीची धूळ गावाची शीव पाळत नाही, हे खाणपट्ट्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

१९८२ च्या सागरी कायद्याचे कलम १३६ म्हणते की हा समुद्रतळ मानवजातीचा सामाईक वारसा आहे. कलम १४५ तिथल्या जीवसृष्टीच्या संरक्षणाचे नियम करायला सांगते. उत्खननाची नियमावली जुलै २०२५ च्या बैठकीतही मंजूर झाली नाही. वारसा सर्वांचा असेल तर कागदही सर्वांसमोर यायला हवेत. या झऱ्यांवर कोणकोणते जीव सापडले, याची पूर्ण नोंद सरकारने प्रसिद्ध करावी आणि ती होईपर्यंत उत्खननाचा परवाना मागू नये.