खुंटी उपटली, साखळी राहिली

मैत्रिणींनो,

‘एवढं समजावलं, तरी ती परत त्याच्याकडेच गेली.’ सल्ला केंद्रांत हे वाक्य वरचेवर ऐकू येतं. मागोमाग निकालही लागतो : ‘तिलाच ते हवंय’ किंवा ‘ती तरी काय करणार, परिस्थितीच तशी.’ पहिल्यात सगळा दोष तिचा. दुसऱ्यात तिला स्वतःचं मनच नाही.

आधुनिक फारसी कथेनं हा पेच फार पूर्वी मांडला. सादेक हेदायत यांच्या १९३३ मधल्या कथेत जर्रीनकुलाह चाबकानं मारणाऱ्या, टाकून गेलेल्या नवऱ्याला शोधत माझंदरानला जाते. तो ओळखही देत नाही. शेवटी मूल मागे ठेवून ती चाबूक बाळगणाऱ्या दुसऱ्याच पुरुषाबरोबर निघते. माहेरीही तिनं छळच सोसलेला, हे हेदायत सांगतात. पण तिला चाबकाची ओढच आहे, असंही सुचवतात. इथे आपण थांबायला हवं. अंगवळणी पडलेलं सगळंच आवडीचं नसतं.

सादेक चूबक यांच्या १९४९ मधल्या कथेत मदारी मरतो आणि त्याचं माकड खुंटी उपटून निघतं. मोकळं झालं खरं, पण साखळी गळ्यात आणि जाणार कुठे? बाहेर मार आणि भीतीच भेटते. ते मेलेल्या मालकापाशी परततं. निसर्गवादी कथेचं हे बळ : साखळी किती खोल रुतते, हे ती दाखवते. तिची मर्यादाही हीच, तिथे सोबत कुणीच नसतं.

शहरनूश पारसीपूर यांच्या १९८९ च्या ‘पुरुषांविना बायका’ या पुस्तकातही एक जर्रीनकुलाह आहे. ती कुंटणखाना सोडून निघते आणि कराजच्या बागेत इतर बायकांमध्ये येते. ती बाग म्हणजे स्वर्ग नव्हे, आणि सगळ्याजणी तिथे टिकतही नाहीत. पण निघालेल्या बाईला पोचायला एक जागा आहे. या पुस्तकावर इराणमध्ये बंदी आली, लेखिकेला तुरुंगात जावं लागलं.

निर्णय बाईचाच असतो. पण दोन दारं उघडी असली, तरच त्याला निर्णय म्हणता येतं. म्हणून ‘ती परत का गेली?’ याआधी विचारू या : त्या रात्री तिला निवारा होता का? हाताला काम, मुलांना शाळा होती का? आणि ती पुन्हा आली, तर आपलं दार उघडं असेल ना?

आपापल्या गटात यावर जरूर बोला.

सस्नेह,
संपादक