किहोतेच्या वाटेवरील आटती सरोवरे

स्पेनच्या मध्यभागी असलेल्या ला मांचाच्या पठारावर माउंटन बाइक घेऊन उतरणाऱ्या पर्यटकाला प्रथम पाणी दिसत नाही. क्षितिजापर्यंत पसरलेल्या द्राक्षबागा, पांढुरक्या मातीच्या गाडीवाटा आणि कोन्सुएग्रा व काम्पो दे क्रिप्ताना येथील टेकड्यांवरच्या जुन्या पवनचक्क्या एवढेच नजरेत भरते. तथापि, ज्या मार्गावरून तो निघालेला असतो त्याचे एक मोठे आकर्षण पाणी हेच आहे. रुइदेराची सरोवरे, दायमिएलची पाणथळ भूमी आणि आल्कासार दे सान हुआन गावाबाहेरची खारी तळी या मार्गाच्या परिसरात येतात. यातील किती पाणी खरोखर शिल्लक आहे, हा प्रश्न आता सायकलस्वारांपुरता राहिलेला नाही.

सर्वान्तेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या चतुःशताब्दीच्या निमित्ताने २००५ मध्ये कास्तिया-ला मांचाच्या प्रादेशिक सरकारने ‘किहोतेचा मार्ग’ आखला. सुमारे अडीच हजार किलोमीटर लांबी, दहा टप्पे आणि वाटेवर जवळपास दीडशे गावे, असा त्याचा विस्तार आहे. नवे रस्ते बांधण्याऐवजी जुन्या गाडीवाटा, मेंढपाळांचे मार्ग आणि नदीकाठ एकमेकांना जोडण्यात आले. पायी, घोड्यावरून किंवा सायकलवरून जाणारा प्रवासी गावात मुक्काम करील, जेवील आणि ओस पडत चाललेल्या खेड्यांना थोडे उत्पन्न मिळेल, अशी त्यामागची कल्पना होती. २००७ मध्ये युरोप परिषदेने त्याला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला.

पुढच्याच वर्षी आर्थिक मंदी आली. उत्सवाच्या वर्षात फलक उभारणे सोपे असते. उत्सव संपल्यावर ते रंगवत राहण्यासाठी दरवर्षी निधी लागतो. तो आटत गेला, तशी मार्गाची देखभालही मागे पडली. पण फलक पुन्हा उभारता येतात. सरोवरांचे तसे नाही.

रुइदेरा येथे पंधरा-सोळा सरोवरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक आहेत. पाण्यातील चुना वर्षानुवर्षे साचून त्यांच्या मधले बांध निसर्गानेच घातले असून, वरच्या सरोवराचे पाणी त्यांवरून खालच्यात उतरते. या परिसराला १९७९ मध्ये नैसर्गिक उद्यानाचा दर्जा मिळाला. सर्वान्तेसने १६१५ च्या दुसऱ्या भागात जवळच्याच मोन्तेसिनोसच्या गुहेत किहोतेला उतरवले आणि रुइदेरा नावाची स्त्री, तिच्या मुली व भाच्या जादूने सरोवरे झाल्याची, तर ग्वादियाना नावाचा सेवक नदी झाल्याची कथा रचली. हा ग्वादियाना जमिनीखाली लुप्त होतो आणि पुढे पुन्हा प्रकटतो, ही समजूत रोमन काळापासून चालत आली होती. प्रत्यक्षात दायमिएलजवळ ‘ग्वादियानाचे डोळे’ म्हणून ओळखले जाणारे झरे हा त्या पठाराखालच्या प्रचंड भूजलसाठ्याचा उफाळा होता.

१९८० च्या दशकात हे डोळे मिटले. त्याआधीच्या दोन दशकांत पठारावर विहिरी आणि विद्युतपंप झपाट्याने वाढले होते. भूजलपातळी काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खाली गेली. स्पेनने १९८५ च्या कायद्याने भूजल सार्वजनिक मालकीचे ठरवले, १९८७ मध्ये हा साठा अतिउपशाखाली असल्याचे तात्पुरते आणि १९९४ मध्ये अंतिमतः जाहीर झाले. कागदावर यात उणीव नव्हती. परवान्याशिवायच्या हजारो विहिरी मात्र चालूच राहिल्या. भूजल अधिनियम २००९ मध्ये संमत करूनही बोअरवेलची खोली वाढतच गेलेली पाहणाऱ्या वरूड-मोर्शीच्या संत्रा उत्पादकाला हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

त्याचा सर्वांत मोठा आघात १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ‘ताब्लास दे दायमिएल’वर झाला. २००९ च्या शरद ऋतूत तेथील कोरड्या पडलेल्या जमिनीखालचे पीट, म्हणजे शतकानुशतके साचलेला वनस्पतींचा थर, आतल्या आत पेटला. पाणथळ उद्यानाच्या भूमीतून धूर निघू लागला, तेव्हा सरकारला जाग आली आणि ताखो नदीचे पाणी वळवून आणावे लागले. त्या हिवाळ्यात सुदैवाने पाऊसही भरपूर झाला. पुढील काही वर्षे उद्यान भरले. २०२० नंतर ते पुन्हा बहुतांशी कोरडे पडले. २०२५ च्या वसंतात पावसाने नद्यांना पाणी आणले, परंतु जमिनीखालचा साठा एका पावसाने भरून निघत नाही.

आल्कासारजवळची ‘ला वेगिया’ ही तळी तर एक विचित्र अपवाद ठरली आहे. आजूबाजूची खारी तळी उन्हाळ्यात पांढऱ्या मिठाचा थर दाखवतात, तेव्हाही तिच्यात पाणी आणि पक्षी असतात. कारण तिला गावाचे शुद्ध केलेले सांडपाणी मिळते.

सारा दोष शेतकऱ्यावर ढकलणे सोपे, पण अन्यायाचे आहे. येथील द्राक्षवेल पूर्वी कोरडवाहूच होती. १९९० च्या दशकाच्या मध्यात वेलीला पाणी देण्यावरील बंदी उठली आणि ठिबक संचांची रांग लागली. याच दशकात उपसा कमी करणाऱ्यांना युरोपीय निधीतून भरपाई देण्याची योजना १९९३ पासून राबवली गेली. तिने उपसा घटलाही, पण पैसे थांबले की पंप सुरू, अशी तिची मर्यादा दिसून आली. २००८ मध्ये मंजूर झालेली वरच्या ग्वादियाना खोऱ्याची विशेष योजना अधिक महत्त्वाकांक्षी होती: सुमारे साडेपाच अब्ज युरो, पाण्याचे हक्क विकत घेणे, बेकायदा विहिरींना शिस्त. मंदीत तीही गुंडाळली गेली.

सायकलमार्गाचे अर्थकारण या वादात हलके पडते. एका सायकलस्वाराचा मुक्काम आणि जेवण गावातील खानावळीला उपयोगी असले, तरी द्राक्षांच्या हंगामाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. शिवाय तो येतो एप्रिल-मेमध्ये, तळ्यांत पाणी आणि वाटेवर सावली असताना. पंप सर्वाधिक चालतात जुलै-ऑगस्टमध्ये. आपल्या सहलीचे निसर्गदृश्य कोणत्या विहिरीत जाते, हे त्याच्या नजरेस पडतच नाही.

युरोपीय महासंघाच्या जलधोरणानुसार भूजलसाठे सुस्थितीत आणण्याची अखेरची मुदत २०२७ ही आहे. विशेष योजनेनेही हेच वर्ष गाठायचे ठरवले होते.