खोकला गेला, रक्तदाब राहिला

"डॉक्टर, माझा खोकला गेला बगा! पाच महिन्यांचा खोकला, पंधरा दिवसांत बंद!" संक्रांतीच्या सुमारास खानापूर भागातल्या एक आक्का असं सांगतच दवाखान्यात आल्या. चेहऱ्यावर समाधान होतं. सोबतची सून मात्र गप्प होती. मी सवयीप्रमाणे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. १९०/११०. थोड्या वेळाने पुन्हा पाहिला, तरी तेवढाच. "गोळी चालू आहे ना?" असं विचारल्यावर सून हळूच म्हणाली, "दोन महिने झाले, अत्तींनी सोडलीय."

झालं होतं ते असं. मिरगाच्या सुमारास आक्कांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. काही दिवसांतच घशात खवखव आणि मग कोरडा ठसका लागला. रात्री आडवं झालं की अधिकच. खानापूरचा पाऊस, तेव्हा खोकला पावसाचाच, असं सगळ्यांनी धरलं. अडुळशाचा काढा, हळद-दूध, ज्येष्ठमध, औषधाच्या दोन बाटल्या, सगळं झालं. पुढे शहरातल्या एका इस्पितळात छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणीही झाली. काही निघालं नाही. तिथल्या डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, "दुसरी औषधं कोणती चालू आहेत?" सुनेनं कन्नडमध्येच उत्तर दिलं, "बीपीची एक लहान गोळी." नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पाकीट घरी, फळीवरच्या डब्यात. विषय तिथंच संपला.

शेवटी शेजारीण म्हणाली, "माझ्या नणंदेला असंच झालेलं. ती गोळी सोड." आक्कांनी सोडली, आणि खोकला थांबला.

वाचकहो, शेजारणीचं निदान अगदी बरोबर होतं. चुकला तो उपाय.

आक्कांच्या पाकिटावर रॅमिप्रिल हे नाव होतं. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्याचीच भावंडं. या गोळ्यांचा जन्म मोठा नवलाचा आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या दंशानं माणसाचा रक्तदाब एकदम उतरतो. त्या विषात ब्रॅडिकायनिन या शरीरातल्या पदार्थाचा जोर वाढवणारे घटक आहेत, हे सर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्या संशोधकानं १९६५ साली दाखवून दिलं. त्याच धाग्यावरून कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज दिल्या जातात त्या गोळ्यांत सापाचं विष नसतं, हे मात्र लक्षात ठेवा.

आपल्या शरीरात एक विकर आहे. रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ तयार करणं हे त्याचं एक काम, आणि ब्रॅडिकायनिन मोडून टाकणं हे दुसरं. 'प्रिल' गोळी या विकराला अडवते. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो. पण ब्रॅडिकायनिनही साचतं आणि श्वासनलिकेला चाळवतं. मग कफ नसलेला कोरडा खोकला लागतो. ही गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण पाच ते वीस जणांना तो होतो, बायकांना जास्त. पहिल्या आठवड्यात होतो, तसा काही महिन्यांनीही होऊ शकतो. काढ्यानं तो जात नाही. एक 'प्रिल' बदलून दुसरी 'प्रिल' घेतली तरी बहुधा जात नाही. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचा खोकला एक ते चार आठवड्यांत थांबतो, क्वचित तीन महिनेही लागतात.

मग आक्कांचं चुकलं कुठं? खोकला जाणवतो, रक्तदाब जाणवत नाही. १९०/११० असूनही त्यांचं डोकं दुखत नव्हतं की चक्कर येत नव्हती. त्रास गेला म्हणजे दुखणं गेलं, असा त्यांचा समज झाला. त्यांच्याच थोरल्या जावेला लकवा मारलेला. हा शब्द आपल्या घरांत मराठीतही तोच, कन्नडमध्येही तोच. त्यामुळे तो उच्चारल्यावर आक्का आणि सूनबाई दोघीही एकदम गंभीर झाल्या.

अशा खोकल्यावर उपाय सोपा असतो. लोसार्टन, टेल्मिसार्टन अशा 'सार्टन' गटातल्या गोळ्या त्याच वाटेनं रक्तदाब उतरवतात, पण त्या विकराला हात लावत नाहीत. म्हणून असा खोकला त्यांनी क्वचितच होतो. रक्ततपासणी करून आक्कांना त्यातली एक सुरू केली. महिन्याभरानं रक्तदाब १३६/८४ झाला आणि खोकला परतला नाही.

हे वाचून कुणी घरातली 'प्रिल' गोळी फेकून देऊ नये. मधुमेहात लघवीतून प्रथिनं जात असतील, हृदय कमजोर असेल, तर ही गोळी मूत्रपिंडाला आणि हृदयाला मोठा आधार देते. ज्यांना ती मानवते त्यांनी खुशाल घ्यावी. शिवाय प्रत्येक खोकला गोळीचा नसतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. 'प्रिल' घेताना ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर वाट पाहू नका, तडक इस्पितळ गाठा. हे क्वचित घडतं, पण श्वास अडू शकतो, आणि गोळी कित्येक वर्षं घेतल्यावरही घडू शकतं. 'प्रिल' आणि 'सार्टन' दोन्ही गरोदरपणात चालत नाहीत. दोन्हींनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं; म्हणून कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारूनच वापरा आणि सांगितलेली रक्ततपासणी टाळू नका. गुडघेदुखीच्या गोळ्याही मनानं घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. अम्लोडिपिननं पाय सुजत असतील, तर तेही सांगा. त्यावरही पर्याय आहेत.

आपल्या दुभाषी घरांत एक अडचण नेहमी होते. त्रास सासूबाई मराठीत सांगतात, सून तो कन्नडमध्ये पोचवते आणि अर्धा वाटेतच सांडतो. नुसतं 'केम्मु' म्हणू नका. कोरडा असेल तर 'ओण केम्मु' म्हणा, आणि तो कधीपासून आहे, कोणती गोळी सुरू झाल्यापासून आहे, तेही सांगा. सूज असेल तर 'बावु', चक्कर असेल तर 'तलेसुत्तु'. आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकूनच घराबाहेर पडा. पाकिटाची भाषा कुठल्याही डॉक्टरला कळते.

आक्का आता पाकीट घेऊन येतात. परवा म्हणाल्या, "गोळी सोडायच्या आधी तुम्हाला विचारायला पायजे होतं." एवढंच या लेखाचं सांगणं आहे. गोळीचा त्रास सोसू नका आणि गोळी परस्पर सोडूही नका. डॉक्टरांना सांगा, आणि बदलून घ्या.