दोन पंगती, एक रस्ता

मुंबई-आग्रा महामार्गावर माणकोलीपासून पडघ्यापर्यंत ढाब्यांची आणि हॉटेलांची रांग लागते. शनिवार-रविवारी ठाण्या-मुंबईची कुटुंबे मोटारीने येतात, तांदळाच्या भाकरीबरोबर आगरी पद्धतीचे मटण खातात, मोकळी हवा घेतात आणि परततात. यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. श्रमाने मिळवलेल्या पैशातून माणसाने चार घटका आनंदात घालवाव्यात, यासाठीच तर आठ तासांच्या दिवसाची लढाई लढली गेली. समाजवाद म्हणजे उपवासाचे व्रत नव्हे.

परंतु याच तालुक्यात ‘बाहेर जेवणे’ या शब्दांना दुसराही अर्थ आहे. भिवंडी शहरातील यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले हजारो कामगार रोज दोन्ही वेळा बाहेरच जेवतात. त्यांची बायकामुले गावी असतात. एका खोलीत पाळीपाळीने अनेकजण झोपतात, तेथे चूल मांडायला ना जागा असते, ना बारा तास मागावर उभे राहिल्यावर अंगात त्राण. ते जेवतात ते खानावळीत. भिवंडीत तिला ‘भिशी’ म्हणतात. जेवणाचा दर ठरलेला, हिशेब पगाराच्या दिवशी, तोवर सारे उधारीवर.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके बाहेरच्या जेवणाला चैनीत धरतात. उत्पन्न वाढले की हा खर्च वाढतो, असे त्यांचे गणित. भिवंडीत ते उलटे होते. येथे मजुरी इतकी तुटपुंजी आहे की तिच्यात घरसंसार बसत नाही, आणि संसार नाही म्हणून चूल नाही. कामगाराच्या कुटुंबाचा भार गावाकडची कोरडवाहू जमीन वाहते आणि त्याच्या रोजच्या अन्नाची उधारी भिशीवाला वाहतो. हा भिशीवालाही बहुधा त्याच्याच मुलखातला, तुटपुंज्या भांडवलाचा माणूस. म्हणजे उद्योगाचा एक अटळ खर्च उद्योगाच्या वह्यांतून पुसला जातो आणि दोन गरिबांच्या वह्यांत मांडला जातो.

या व्यवस्थेचा ठिसूळपणा २०२० साली दिसला. मार्चअखेर टाळेबंदी झाली, माग थांबले, मजुरी थांबली आणि पाठोपाठ भिशीही थंडावली. कामगार त्याच महामार्गाने नाशिकच्या दिशेने चालत निघाले. बाजूचे ढाबे बंद होते. मेच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरसाठी विशेष गाडी सुटली, तोवर अनेकांनी कित्येक मैल पायी तुडवले होते.

कायद्याने काय केले? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४६ अन्वये २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह बंधनकारक करता येत होते. २०२० च्या संहितेने ही मर्यादा १०० वर आणली. पण भिवंडीचा माग छोट्या छोट्या शेडमध्ये विखुरलेला आहे. एका गल्लीत हजार कामगार असले तरी एका छपराखाली शंभर सापडत नाहीत. कायदा भिंती मोजतो, पोटे मोजत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, व्यापारी १९ किलोचा आणि किलोमागे महाग. घर नसलेल्या कामगारांचे अन्न शिजवणारी भिशी व्यापारी ठरते आणि गॅसला महामार्गावरच्या हॉटेलाएवढाच दर भरते. त्या हॉटेलात ताटे उचलणाऱ्यांची स्थितीही वेगळी नाही. २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी नोकर असलेल्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून सोडून दिले.

उपाय म्हणून सरकारी थाळीकडे बोट दाखवले जाते. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. पुढे अनुदान थांबले आणि अनेक केंद्रांच्या जागांवर दुसरेच धंदे उभे राहिले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तिने अडलेल्यांना आधार दिला हे मान्यच केले पाहिजे, पण ती मिळे दुपारच्या ठराविक वेळात आणि ठराविक संख्येत. रात्रपाळीच्या कामगाराला तिचा काय उपयोग? शिवाय मेहेरबानीने आलेले ताट मेहेरबानी सरली की उचलले जाते.

टिकाऊ उदाहरणे चळवळीनेच घालून दिली आहेत. १९७४ साली पुण्यात हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कष्टाची भाकर’ केंद्र उभारले, ना नफा ना तोटा या तत्त्वावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी मुंबईत गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे दार दाखवले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननेही स्थानिक संस्थांमार्फत सार्वजनिक भोजनगृहे चालवली. त्यांत जेवणारा याचक नसे, तो दाम मोजून जेवणारा नागरिक असे.

भिवंडीत हेच करता येईल. १९६९ च्या माथाडी कायद्याने विखुरलेल्या मालकांकडून लेव्ही घेऊन मंडळे चालवण्याचा मार्ग दाखवलाच आहे. छोटे मागवालेही दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतात, त्यांना हा भार पेलणार नाही असे म्हटले जाईल. आक्षेप खरा आहे. म्हणून लेव्ही सूत देऊन कापड उचलणाऱ्या व्यापाऱ्यावर बसवावी आणि भाताच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या गोदामांतून माल हलवणाऱ्या कंपन्यांवरही. त्या निधीतून भिशीचालकांच्या सहकारी संस्थांना भांडे-चूल, सवलतीचा गॅस आणि बंदच्या काळात उधारीची हमी मिळावी. व्यवस्थापनात निम्मे प्रतिनिधी जेवणाऱ्यांचे असावेत.

कार्यकर्त्यांनी प्रारंभ लहान करावा. एका मोहल्ल्यातील भिश्यांची मोजदाद, त्यांचे दर, थकलेली उधारी आणि गॅसचा खर्च एवढे कागदावर आणले तरी मागणीला पाया मिळेल. महामार्गावरचे ढाबे रविवारी भरोत, त्याबद्दल असूया नको. मात्र भिवंडीचे कापड विणणाऱ्याला मंगळवारच्या रात्रपाळीनंतरही हक्काचे गरम ताट मिळाले पाहिजे, आणि माग थांबले तरी ते ताट थांबता कामा नये.